पंधरा दिवसांचे गुरुजी

सुट्टी लागली की शहरातील सुशिक्षित तरुणांस खेड्याची आठवण होते, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पंधरा दिवसांच्या गुरुजींचे आगमन होते. कोणी इंग्रजी गाणी शिकवितो, कोणी रंगपेट्या वाटतो. सोळाव्या दिवशी मुलांसह छायाचित्र काढून मंडळी परत फिरतात. या प्रकारास सेवा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मते ही फार तर सहल होय.

हे विधान कित्येकांस कठोर वाटेल. पण ज्या मुलखाविषयी आपण बोलत आहोत त्याचा अनुभव काय आहे? जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राने १९९२ साली ऐकले, ते तेथील बालके कुपोषणाने दगावली म्हणून. त्या वेळी हळहळणारे थोडे नव्हते. परंतु हळहळ ओसरते आणि मूल तेथेच राहते. क्षणिक कळवळ्याची पारख या डोंगरांना आपल्याहून अधिक आहे.

आता शाळेकडे वळू. पाड्यावरचे मूल घरी वारली, कोकणा किंवा ठाकरी बोली बोलते. पुस्तकातील मराठी त्याला जवळजवळ परकी. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कळावयास शिक्षकाला महिने लागतात. शिवाय भाताची व नागलीची कापणी आटोपून दिवाळी उलटली की अनेक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर मजुरीस जातात. नाव हजेरीपटावर आणि मूल भट्टीवर, अशी स्थिती असता नाताळच्या सुट्टीत आलेले आपले गुरुजी शिकविणार कोणाला? जी मुले मागे राहिली, त्यांना. ज्यांना शिक्षकाची गरज सर्वांत अधिक, त्यांची तर भेटच होत नाही.

‘मुळीच न येण्यापेक्षा थोडे आलेले काय वाईट?’ असा प्रश्न हटकून विचारला जातो. दवाखान्याच्या बाबतीत तो कदाचित शोभेल. शाळेच्या बाबतीत नाही. मूल प्रथम माणसावर विश्वास ठेवते, मग अक्षरावर. दर सुट्टीला नवा चेहरा येऊन जाऊ लागला, तर शिक्षक म्हणजे निघून जाणारा मनुष्य, हा एकच धडा पक्का होतो.

याच जिल्ह्यात याहून निराळा आदर्श घडला आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम आरंभिले. १९४५ साली अनुताई वाघ तेथे आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे कार्य वाढले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी. ते गुरे राखीत असेल, तर कुरणावर न्यावी. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना तेथे रुजल्या, त्या मुलांच्या दिनक्रमाबरोबर आपला दिनक्रम बदलणाऱ्यांना सुचल्या म्हणून. अनुताई १९९२ साली वारल्या, तोवर सत्तेचाळीस वर्षे लोटली होती.

सर्वांनी सत्तेचाळीस वर्षे द्यावीत, असा आमचा हट्ट नाही. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा व शिक्षक मिळणे हा त्याचा हक्क आहे, कोणाच्या सुट्टीतील औदार्य नव्हे. शिक्षकाची रिकामी जागा स्वयंसेवकाने चार दिवस झाकली, तर ती भरण्याची जबाबदारी ज्याची, त्या सरकारला आयतीच सवड मिळते.

ज्यास खरोखर शिकवावयाचे आहे त्याने निदान एक संपूर्ण शालेय वर्ष द्यावे. आधी पाड्याची बोली शिकावी. नेमलेल्या शिक्षकाच्या हाताखाली राबावे. आणि मुले भट्टीवर गेली तर त्यांच्यामागे भट्टीवर जावे. इतके ज्यास झेपत नाही त्याने शहरातच राहून रिकाम्या जागांचा जाब सरकारला विचारीत राहावे. छायाचित्र निघणार नाही, पण पाड्याला शिक्षक मिळण्याचा संभव त्यातच अधिक आहे.