बघायला आले, थांबतील का?

आपल्या गावात काहीतरी 'बघण्यासारखं' असलं की पर्यटन आपोआप वाढतं, असं आपण धरून चालतो. मला नाही पटत. बुलढाण्यातलं लोणार सरोवर घ्या. उल्केच्या आघातानं बेसॉल्ट खडकात झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातलं! २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी 'रामसर' यादीत नावही लागलं. पण पाहुण्यानं काठावर फोटो काढून गाडी वळवली, तर गावातल्या बाईच्या पदरात काय पडणार?

याउलट पाचगणीजवळचं भिलार बघा. २०१७ मध्ये ते 'पुस्तकांचं गाव' झालं. पुस्तकं ठेवली ती लोकांच्या घरांत, देवळांत. वाचायला आलेला माणूस थेट ओसरीवर टेकतो. मग चहा-जेवणाचं, मुक्कामाचं बोलणं निघणारच ना?

मैत्रिणींनो, प्रेक्षणीय स्थळ माणूस खेचून आणतं, पण त्याला थांबवतं ते गाव. बाईमाणसाला निर्धास्त जाता येईल असं स्वच्छतागृह, गरम भाकरी-पिठलं आणि रात्री टेकायला एक खोली. आराखड्यात कमान आणि कारंजं नंतर येऊ द्या. ग्रामसभेत आधी हे मागायला हवं, आणि ते आपणच मागायचं!