नानीचं राहिलेलं येणं

माझ्या नानीचा इंतकाल गेल्या वर्षी येडशीत झाला. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९३५ आहे. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या जन्मतारखा बहुतेक १ जानेवारीच्याच असतात, कारण नोंद करणाऱ्याला काहीतरी लिहावं लागतं. नानी स्वतः सांगायची, "पुलिस ॲक्शन हुआ तब मेरी शादी को साल हुआ था, मैं सतरा की थी." त्या हिशेबानं ती नव्वदी ओलांडून गेली.

जोहरनंतर जनाजा ठेवला. नमाजेआधी इमाम साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मय्यतीवर कुणाचं कर्ज असेल तर वारसांना सांगा, नाहीतर माफ करा." सगळे गप्प होते. कुणाचं काही येणं नव्हतं. नंतर कब्रस्तानात माती देताना एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाईनं कधी कुणाकडं काही मागितलं नाही." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. तिच्याकडून कुणाला काय येणं आहे, हे आपण जनाज्यासमोर विचारलं. तिचं कुणाकडं काय राहिलं आहे, हे कुणीच विचारलं नाही. आज लिहायचं आहे ते या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

येडशी हे बालाघाटाच्या कडेचं, सोलापूर ते संभाजीनगर रस्त्यावरचं गाव. बाहेरच्या लोकांना ते रामलिंगामुळं माहीत असतं. नानी इथं सून म्हणून आली तेव्हा गाव निजामाच्या राज्यात होतं आणि छोट्या गाडीनं बार्शीला गेलं की इंग्रजांचा मुलूख लागायचा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जुलूम केला होता. त्याची किंमत नंतर अशा अनेकांनी मोजली, ज्यांनी रझाकार कधी जवळून पाहिलाही नव्हता. सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद आहे. नानी तेव्हा माहेरी होती. तिला दोन रात्री कणगीमागं लपवून ठेवलं ते शेजारच्या एका मराठा घरातल्या म्हातारीनं. तिचे जेठ मात्र सौद्याला गेले ते परत आले नाहीत. या दोन्ही गोष्टी ती एका दमात सांगायची. एक सांगून दुसरी गाळली, असं मी कधी ऐकलं नाही.

जेठांची दोन मुलं तिनं स्वतःच्या पाच मुलांबरोबर वाढवली. नाना शिवणकाम करायचे, दोन एकर कोरडवाहू होती. त्यात नऊ माणसं जगणार कशी? सीताफळाच्या दिवसांत ती पाटी भरून स्टेशनवर जायची आणि गाडीच्या खिडक्यांशी उभी राहून विकायची. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर तिनं खडी फोडली, मिलोच्या भाकरी केल्या, मुलांना सुकडी खाऊ घातली. त्या मजुरीतून वाचवून एक शेळी घेतली. पुढं शेळ्या वाढल्या आणि गाव तिला शेळीवाली चाची म्हणू लागलं. माझी बीएडची फी भरायची होती तेव्हा तिनं दोन शेळ्या विकल्या. नोकरी लागल्यावर मी तिला साडी घेतली. शेळ्यांचे पैसे परत केले नाहीत. तिनं मागितले नाहीत.

जियारतच्या दिवशी तिची पत्र्याची पेटी उघडली. उर्दू वाचता येणारा घरात मीच, म्हणून कागद माझ्या हातात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक कागद तिचा निकाहनामा होता. हिजरी १३६६, म्हणजे १९४७ च्या आसपासचा. मेहर पावणेदोनशे रुपये, सिक्का उस्मानिया. पुढं शब्द होता 'मुवज्जल'.

हा शब्द मी वर्गात शिकवला आहे. उर्दूत 'मुअज्जल' आणि 'मुवज्जल' आपल्या तोंडी जवळजवळ सारखेच येतात. ऐन लिहिला तर मेहर ताबडतोब द्यायचा, वाव-हमजा लिहिला तर पुढं कधीतरी. नानीचा मेहर असा पुढं कधीतरीवर गेला आणि तो दिवस आलाच नाही. दरम्यान तो सिक्काही चलनातून गेला. निजामाचे सात हाली रुपये म्हणजे सरकारी सहा, असा भाव होता. म्हणजे पावणेदोनशे हालीचे दीडशे रुपये. तेव्हा तोळाभर सोनं शंभराच्या आसपास मिळायचं. दीड तोळ्याला आज लाखाच्या वर मोजावे लागतात. असला हिशेब कसा लावायचा ते उलमा सांगतील. मला एवढंच कळतं की मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं आणि मयताच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडायचं, मग वाटण्या करायच्या.

नाना १९८९ मध्ये गेले. मी लहान होतो, पण अम्मी तिथंच होती. जनाजा उचलायच्या आधी बायकांनी नानीला घेरलं आणि म्हणू लागल्या, "मेहर बख्श दिया बोलो." ही रीत आपल्या बहुतेक घरांत आहे. समोर बेचाळीस वर्षांच्या संसाराचा माणूस कफनात आहे, बाहेर पुरुष ताटकळत उभे आहेत, आणि बाईला विचारतात, कर्ज सोडलंस का? नानी काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं मान हलवली. कुणीतरी ओरडून बाहेर सांगितलं, "बख्श दिया."

सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांचा मेहर देण्याचा हुकूम आहे. त्यातलं काही त्यांनी आपल्या खुशीनं सोडलं तरच ते घ्यायची मुभा आहे. त्या दिवशी त्या खोलीत खुशी होती, असं कोण म्हणेल?

दुसरा कागद अंगठ्याचा होता. नानीच्या वडिलांची पंधरा एकर जमीन होती. वारस दोन भाऊ आणि ही एक बहीण. शरीयतीप्रमाणं मुलाला दोन भाग, मुलीला एक. पाच भाग केले तर भावांना सहा-सहा एकर आणि नानीला तीन. भावांनी तिला बोलावून नेलं, हक्कसोड पत्रावर अंगठा घेतला, जेवू घातलं, साडी-चोळी दिली. त्यानंतर भाऊ जिवंत होते तोवर दर ईदला तिला शेवया आणि एक साडी येत राहिली. नानी ती साडी सगळ्यांना दाखवायची. तीन एकरांबद्दल ती एकदाही बोलल्याचं मला आठवत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा जुन्या, अडाणी काळाचा किस्सा आहे. म्हणून आता माझ्या घराचं सांगतो.

माझे वडील गेले तेव्हा आठ एकर जमीन होती. वारस अम्मी, आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण. अम्मीचा आठवा हिस्सा एक एकर. राहिलेल्या सात एकरांचे पाच भाग केले तर बहिणीला एक एकर सोळा गुंठे आणि आम्हा भावांना दोन एकर बत्तीस गुंठे प्रत्येकी. प्रत्यक्षात आम्ही चार-चार एकर वाटून घेतली. अम्मीनं आणि बहिणीनं हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. म्हणजे माझ्या नावावरच्या चार एकरांतले एक एकर आठ गुंठे माझे नाहीत. वीस गुंठे अम्मीचे आणि अठ्ठावीस गुंठे बहिणीचे.

नानीनं अंगठा दिला. अम्मी चौथी शिकली, तिनं थरथरत्या हातानं सही केली. बहीण बीए आहे, तिची सही सुरेख आहे. तीन पिढ्यांत शिक्षण आलं ते एवढंच. कागद तोच राहिला. मी शाळेत मुलींना नेहमी सांगतो, वाचल्याशिवाय कुठं सही करू नका. माझ्या बहिणीनं मात्र कागद न वाचता सही केली, कारण तो कागद भावानं पुढं केला होता.

यावर काय म्हटलं जातं ते मला माहीत आहे, कारण तेव्हा मीही तेच म्हटलं होतं. पहिलं, बहिणी खुशीनं देतात. पण हिब्यात कब्जा द्यावा लागतो. जे तिच्या ताब्यात कधी आलंच नाही, ते ती देणार कुठून? आधी फेरफार करा, सातबाऱ्यावर तिचं नाव चढवा, एक-दोन हंगामांचं उत्पन्न तिच्या हातात पडू द्या. त्यानंतर तिनं दिलं तर ती खुशी. दुसरं, लग्नात खर्च केला. तो खर्च आपण आपल्या इज्जतीसाठी केला. बापाच्या मालमत्तेतला वाटा अल्लाहनं ठरवलेला आहे, मांडवाच्या बिलातून तो वजा होत नाही. तिसरं, हिस्सा मागितला तर माहेर तुटतं. हे खरं आहे. पण ते तोडतं कोण? हिस्सा घेणारी की हिस्सा द्यावा लागला म्हणून रुसणारा?

काही शिकलेले लोक १९३७ च्या शरीयत कायद्याकडं बोट दाखवतात. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, हे बरोबर. पण सूरह निसाच्या सातव्या आयतीत, जिथं पुरुषांइतकाच ठामपणे बायकांचाही वाटा सांगितला आहे, तिथं शेतजमिनीचा अपवाद नाही. २०१८ मध्ये तिहेरी तलाकच्या विधेयकाविरुद्ध राज्यात ठिकठिकाणी मोर्चे निघाले. शरीयतमध्ये दखल नको, असं आपण सांगत होतो आणि त्यासाठी बायकांना रस्त्यावर आणलं होतं. सरकारनं दखल दिली की आपल्याला दिसते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दर आठवड्याला आपण स्वतः जी दखल देतो, ती दिसत नाही.

हा रोग फक्त आपला नाही. हिंदू बहिणींना १९५६ च्या कायद्यानं वाटा दिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना बरोबरीचा हक्क दिला. तरी त्याच कचेरीत, त्याच बाकावर त्याही साडी-चोळी घेऊन सह्या करताना दिसतात. त्यांच्या भावांना मी काय सांगणार? मी आपल्या घरातल्यांशी बोलतो आहे.

चाळीसवा झाल्यावर मी बहिणीला फोन केला आणि गुंठ्यांचा हिशेब सांगितला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पहले अम्मी का देखो." अम्मी म्हणते, आता या वयात मला काय करायची जमीन. मी तिला म्हटलं, काय करायची ते तू ठरव, पण आधी ती तुझी होऊ दे. भाऊ अजून तयार नाही. तो चिडला आहे, ईदलाही धड बोलला नाही. त्याच्या वाट्याचं मी जबरदस्तीनं करू शकत नाही. माझ्या चार एकरांतले एक एकर आठ गुंठे मोजून त्यांच्या नावावर करायचे ठरवले आहेत, तलाठ्याकडं खेटे सुरू आहेत.

नानीचं मात्र आता काही फेडता येत नाही. तिच्या मेहरचे वारस तिची मुलं, आणि देणेकरीही तीच. कागदावर हिशेब जवळजवळ जिथल्या तिथं मिटतो. पण नव्वदहून जास्त वर्षं जगलेल्या त्या बाईच्या हातात तो पैसा एक दिवसही आला नाही. तिनं काही मागितलं नाही, कारण मागितल्यावर काय होतं ते तिला माहीत होतं.

वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. घरातल्या पेटीतला आईचा, नानीचा, दादीचा निकाहनामा बाहेर काढा. उर्दू येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. मग सातबारा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून हिशेब करा. तो हिशेब त्या बाईसमोर बसून करा, ती जिवंत आहे तोवर.

अल्लाह माझ्या नानीची मगफिरत करो, आणि तिचं देणं बुडवणाऱ्या आम्हा सगळ्यांना माफ करो.