पहारा सुटता कामा नये

२५ जून १९७५ च्या रात्री देशावर आणीबाणी लादली गेली. त्या काळरात्रीला २०२५ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. ठिकठिकाणी कार्यक्रम झाले, त्या काळी कारावास भोगलेल्यांचे सत्कार झाले. राज्य शासनाने त्यांच्यासाठी सुरू केलेले मानधन २०२० साली बंद केले गेले आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाले, त्याचीही उजळणी झाली. हे सारे योग्यच आहे. परंतु त्या लढ्याचे स्मरण शाल-श्रीफळापुरतेच उरणार असेल, तर लढ्याचा अर्थ आपण गमावला असे म्हणावे लागेल.

खानदेशाला हा अर्थ वेगळा शिकवण्याची गरज नसावी. भुसावळपासून जवळच असलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्षस्थानी पं. जवाहरलाल नेहरू होते. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली होती आणि रवींद्रनाथ ठाकूर तिचे अध्यक्ष होते. परकीय सरकारने विनाचौकशी कोणालाही डांबू नये, ही तिची भूमिका. पुढे चाळीस वर्षेही उलटली नाहीत, तोच नेहरूंच्या कन्येच्या राजवटीत लाखाहून अधिक भारतीय विनाचौकशी वा क्षुल्लक आरोपांखाली गजाआड गेले. सत्तेचा मोह विचारांचा वारसा कसा गिळून टाकतो, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

या दडपशाहीची चाहूल भुसावळसारख्या रेल्वेनगरीला वर्षभर आधीच लागली होती. ८ मे १९७४ रोजी देशव्यापी रेल्वे संप सुरू झाला. देशभरातील सुमारे सतरा लाख कर्मचाऱ्यांच्या वेतन, बोनस आणि कामाच्या तासांचा तो प्रश्न होता. नेतृत्व समाजवादी जॉर्ज फर्नांडिस यांचे, पण भारतीय मजदूर संघाच्या विचारांचे कामगारही त्यात उतरले. सरकारने हजारोंना अटक केली, हजारोंना कामावरून काढले, अनेक ठिकाणी कुटुंबांना रेल्वेच्या घरांतून बाहेर काढले. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. पुढे आणीबाणीत किमान बोनसही ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला आणि त्याविरुद्ध बोलण्याची सोय उरली नाही. स्वातंत्र्य आणि भाकरी हे दोन वेगळे विषय नाहीत, हे कामगाराला तेव्हा कळले. बडतर्फ कर्मचाऱ्यांना न्याय मिळाला तो १९७७ साली, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर.

आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. शहा आयोगाच्या नोंदीनुसार ‘मिसा’खाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक झाली. न्यायालयाकडे आशेने पाहावे, तर तीही मावळली. भुसावळहून इटारसीमार्गे गाडी ज्या जबलपूरला जाते, त्या जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला की, आणीबाणीत बंदिवानाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले.

मग लोकशाही वाचवली कोणी? सामान्य माणसांनी, आणि तीही एकत्र येऊन. १४ नोव्हेंबर १९७५ पासून लोकसंघर्ष समितीने सत्याग्रह सुरू केला. पाच-दहा जणांची तुकडी चौकात यायची, घोषणा द्यायची, पत्रके वाटायची आणि शांतपणे पोलिसांच्या गाडीत बसायची. रात्री सायक्लोस्टाइल केलेली पत्रके पहाटे घरोघरी पोचत. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या. घरातील कर्ता पुरुष तुरुंगात, पगार बंद, नातेवाईकही दाराशी यायला बिचकत, अशा स्थितीत ज्या माता-भगिनींनी संसार रेटला, त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. तुरुंगात संघाचे स्वयंसेवक, समाजवादी, सर्वोदयी, जमाते इस्लामीचेही कार्यकर्ते एकाच पंगतीला बसले. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांची गीता प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. कारागृहाचे विद्यापीठ करण्याची परंपरा तिथूनच आली आहे.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीचा दुरुपयोग कठीण केला. जबलपूरचा तो निर्णयही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला. पण कायदा कितीही बळकट असला तरी जागृत समाजाची जागा तो घेऊ शकत नाही. याचे ताजे उदाहरण दूर नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपालिका आणि महानगरपालिका मुदत संपूनही वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. भुसावळ त्यांपैकीच. आरक्षणाचा पेच न्यायालयात होता, हे खरे. परंतु ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावरच चक्र फिरले आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांचे मतदान झाले. या काळात राज्यात सरकारे बदलली, पण प्रशासक कायम राहिले. आणीबाणीशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तरीही नळाच्या पाण्याबद्दल जाब विचारायला प्रभागात निवडून आलेला माणूस नाही, ही स्थिती नागरिकांनी इतकी मुकाट्याने का सोसली, हा प्रश्न उरतोच.

कार्यकर्त्याची कसोटी इथे आहे. विरोधकांच्या सत्तेशी झुंजणे तुलनेने सोपे. आपल्या विचारांचे लोक सत्तेवर असताना त्यांना हक्काने जाब विचारणे आणि आपल्याला न पटणारे बोलणाऱ्याच्याही बोलण्याच्या अधिकारासाठी उभे राहणे, हे अधिक कठीण. ग्रामसभेला जाणे, माहितीचा अधिकार वापरणे, मोहल्ल्याच्या प्रश्नावर दहा घरांनी मिळून अर्ज करणे, ही कामे सत्याग्रहाइतकी तेजस्वी दिसत नाहीत. पण १९७५ साली जे चौकात उभे राहिले, त्यांना अशाच लहान कामांतून एकत्र येण्याची सवय लागलेली होती.

गाडी सुरळीत धावते म्हणून गँगमन रुळांची पाहणी थांबवत नाही. भुसावळकरांना हे सांगायला नको. लोकशाहीचे रूळही रोज तपासावे लागतात, आणि ते काम एकट्याचे नाही.