हिशेब हरलेल्यानंच का मागावा?

आर्णीतली मतदान यंत्रं तपासली गेली, ही बातमी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात किती जणांनी वाचली असेल, कोण जाणे. विधानसभेचा निकाल लागला २३ नोव्हेंबर २०२४ ला आणि तपासणी झाली ती पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात. पराभूत उमेदवारांच्या अर्जांवरून राज्यातल्या दहा मतदारसंघांत यंत्रांची मेमरी तपासली, त्यांत आर्णीचं नाव होतं. एकूण ४८ बॅलट युनिट, ३१ कंट्रोल युनिट, ३१ व्हीव्हीपॅट (मताची कागदी चिठ्ठी छापणारी यंत्रं), आणि एकातही तफावत नाही, असं निवडणूक आयोगानं जाहीर केलं. एका बाजूचे म्हणाले, बघा, सांगत नव्हतो? दुसऱ्या बाजूचे म्हणाले, आठ महिन्यांनी तपासून काय उपयोग? मग सोयाबीनचे भाव पडले आणि चौकातला विषय बदलला.

मी निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषदेचा. नोकरी घाटंजी, पांढरकवडा, झरी या पट्ट्यात झाली आणि जवळपास प्रत्येक निवडणुकीत केंद्राध्यक्षाची ऑर्डर हातात पडली. यंत्रं हॅक होतात यावर माझा विश्वास नाही. पहाटे साडेपाचला एजंटांसमोर मॉक पोल घेऊन, किमान पन्नास मतं टाकून, त्यांच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील केलेल्या माणसाला ती भीती सहसा वाटत नाही. याच यंत्रांवर २०२४ मध्ये यवतमाळला काँग्रेसचे मांगुळकर आले, वणीत उद्धव सेनेचे देरकर आले आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या पाच जागा महायुतीनं घेतल्या. तरीही निकालाचं आणि मतदानाच्या पद्धतीचं ऑडिट व्हावं, दर निवडणुकीला व्हावं, असं माझं ठाम मत आहे. कुणावर संशय आहे म्हणून नव्हे.

शाळेत खिचडी शिजवायचो तेव्हा तांदळाची साठा नोंदवही रोज लिहावी लागे आणि ऑडिटवाले आले की पोत्यांसह मोजून द्यावी लागे. ‘गुरुजींनी तांदूळ खाल्ला’ अशी तक्रार कुणी केली म्हणून ते यायचे नाहीत. यायचेच. त्यामुळे आम्हालाही त्यात अपमान वाटत नसे. निवडणुकीचं मात्र उलटं झालंय. इथं तपासणी हवी तर आधी कुणीतरी हरावं लागतं, मग त्यानं अर्ज करावा लागतो आणि वर पैसे भरावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्याच निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रं तपासून घेण्याची मुभा दिली. आयोगानं फी ठरवली एका संचाला ४० हजार, जीएसटी धरून ४७,२००. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानंच ही रक्कम जास्त आहे, कमी करा, असं सुनावलं. तपासताना मूळ डेटा पुसू नका, असंही बजावलं, कारण तोवरच्या पद्धतीत जुनी मतं काढून नवा मॉक पोल घ्यायचा असं चाललं होतं. यंत्र चालतं हे त्यातून सिद्ध होईल. त्या दिवशीची मतं बरोबर मोजली गेली का, हे कसं कळणार? आणि एवढे पैसे भरून जो अर्ज करतो त्याला गावात मिळतं काय? ‘रडीचा डाव’ हे बिरुद.

आता त्या गाजलेल्या आकड्याकडे येतो. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचला राज्याचं मतदान ५८.२२ टक्के सांगितलं, रात्री साडेअकराला ६५.०२ आणि दुसऱ्या दिवशी ६६.०५. यावरून वर्षभर रणकंदन झालं. माझ्यासारख्यांना त्यात फारसं नवल वाटलं नाही. पाचचा आकडा कसा जातो ते मला माहीत आहे. बाहेर रांग असते, आत एका आजींचं नाव यादीत सापडत नसतं, झोनल अधिकाऱ्याचा तिसऱ्यांदा फोन येतो आणि मतदान अधिकारी रजिस्टरवर नजर टाकून तोंडी आकडा सांगतो. पाड्यावरच्या केंद्राला रेंज नसेल तर तोही मागचाच जातो. दिवसभर कापूस वेचून मजूर घरी येतात, हातपाय धुतात आणि मग मतदानाला निघतात, त्यामुळे आमच्याकडे शेवटच्या तासात झुंबड असते. सहाला रांगेतल्या सगळ्यांना सहीच्या चिठ्ठ्या वाटायच्या, त्याही रांगेच्या शेपटाकडून. शेवटच्या माणसाला एक नंबर, म्हणजे मागून कुणी घुसू नये.

पण हे मी सांगून कुणाला पटावं? माझ्या शब्दाची गरजच पडायला नको, कारण सगळं कागदावर असतं. दर दोन तासांचं मतदान किती, मतदान संपण्याच्या वेळी किती जणांना चिठ्ठ्या दिल्या, हे केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहिलेलं असतं. रजिस्टरमध्ये, म्हणजे १७-अ मध्ये, प्रत्येकाची सही किंवा अंगठा असतो. शेवटी ‘क्लोज’ बटण दाबल्यावर यंत्र एकूण मतं दाखवतं, ती १७-सी नमुन्यात चढवायची, त्यावर एजंटांच्या सह्या घ्यायच्या आणि त्यांना प्रती द्यायच्या. राज्यभरातल्या लाखभर केंद्रांच्या डायऱ्या आणि १७-सी एकत्र केल्या असत्या तर पाचनंतर किती आणि सहानंतर किती, हे आठवड्याभरात स्पष्ट झालं असतं. त्याऐवजी सहानंतरच्या मतांवरून एक मतदार उच्च न्यायालयात गेला, जून २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि डायऱ्या गोदामातच राहिल्या. आयोगाचं म्हणणं खरं असेल तर आयोगाचाच पुरावा कुलपात आहे. असं का, हे मला अजून उमगलेलं नाही.

१७-सी संकेतस्थळावर टाकली तर तिच्या फोटोत कुणी फेरफार करील, असं आयोगानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. अहो, मूळ प्रत तुमच्याच संकेतस्थळावर असेल तर खोटी ताबडतोब पकडली जाईल की! सीसीटीव्हीचं मी समजू शकतो. २० डिसेंबर २०२४ ला नियम बदलून ते चित्रीकरण लोकांना मिळणार नाही अशी तरतूद केली, पुढच्या मेमध्ये ते ४५ दिवसांनी नष्ट करायलाही परवानगी दिली. मतदाराची गोपनीयता, हे त्याचं कारण सांगितलं आणि त्यात थोडं तथ्य आहे. कोण कुठल्या केंद्रावर कुणाबरोबर आलं हे पोडावरच्या, म्हणजे आदिवासी पाड्यावरच्या, बाईला चारचौघांत दिसायला नको असेल. पण १७-सी मध्ये कुणाचा चेहरा नसतो. फक्त आकडे असतात.

दुसरी गोष्ट व्हीव्हीपॅटची. प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात आणि तिथल्या कागदी चिठ्ठ्या मोजतात. २०२४ ला राज्यातल्या १,४४० यंत्रांत फरक निघाला नाही. छान. पण राळेगावात अशोक उईके आणि वसंत पुरके यांच्यात तीन हजारांचंही अंतर नव्हतं, आणि पुसदला इंद्रनील नाईक प्रचंड फरकानं आले. दोन्हीकडे पाचच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून उलट हिशेब करतात: फरक जितका कमी, तितके जास्त कागद मोजायचे. यात अवघड काय आहे? राळेगावची पाच केंद्रं शेकडोंमध्ये काय सांगणार?

आणि मोजल्यावर फरक निघतच नाही असंही नाही. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची २०२२ ची यंत्रं सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीला मागवून पुन्हा मोजली. हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकल्याचं २०२५ मध्ये निघालं. एका केंद्रावर दोघांची मतं एकमेकांच्या नावावर चढली होती. यंत्राचा दोष नव्हता, माणसाच्या हातून झालेली गफलत होती. ती दुरुस्त व्हायला पावणेतीन वर्षं लागली, म्हणजे सरपंचकीची मुदत अर्ध्याहून अधिक संपली.

आमच्या नगरपरिषदांचं तर बोलूच नये. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, काही ठिकाणचं २० ला गेलं आणि नागपूर खंडपीठाच्या आदेशानं सगळीकडची मोजणी २१ ला झाली. तोवर जवळपास तीन आठवडे यंत्रं स्ट्राँगरूममध्ये आणि उमेदवारांची पोरं थंडीत बाहेर शेकोटी पेटवून पहाऱ्याला. या निवडणुकांना व्हीव्हीपॅट नव्हतेच. एका प्रभागात दोन-तीन जागा, त्यामुळे जमत नाही, हे कारण दिलं. मोजायला कागदच नसेल तर ऑडिट कशाचं करणार? झरीच्या बाजूला एका मतदारानं मला विचारलं होतं, “गुरुजी, बटन तं दाबलं म्या, पन ते गेलं कुठीसा हे कोनाले इचारू?” तेव्हा सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीकडे बोट दाखवता आलं होतं. नगरपरिषदेत तेही नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं २००९ मध्ये त्यांच्याकडची यंत्रं रद्द ठरवली ती याच मुद्द्यावर: तांत्रिक ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकाला मोजणी पडताळता आली पाहिजे.

मतदार याद्यांचंही तसंच. वणी ज्या चंद्रपूर लोकसभेत येते त्याच लोकसभेतल्या राजुऱ्यात विधानसभेआधी ७,७९२ नवे अर्ज आले, त्यांतले ६,८६१ बोगस म्हणून फेटाळले गेले आणि गुन्हाही नोंदवला, असं खुद्द निवडणूक यंत्रणा सांगते. निकालातला फरक होता ३,०५४. यंत्रणेनं ते अडवलं, शाबास. पण भरले कुणी? आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनीत दीडेक हजार वस्तीला २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी निघाल्या. मतदार यादीशी त्यांचा संबंध मी जोडत नाही, पण संगणकात बसून नोंदी पेरता येतात एवढं आता आमच्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

हे सगळं मागताना विरोधी पक्षांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. मुंबईत मोर्चे निघाले. मारकडवाडी गावात कागदावर फेरमतदान घेण्याचा प्रयत्न झाला, पोलिसांनी तो थांबवला आणि गावकऱ्यांवरच गुन्हे दाखल केले, हे चूकच. पण केंद्रावरचा एजंट? दुपारी जेवायला जातो तो संध्याकाळी उगवतच नाही. कित्येक एजंट १७-सी वर सही करतात आणि प्रत तिथंच टेबलावर ठेवून निघून जातात. काही ठिकाणी तर दुपारीच कोऱ्या नमुन्यावर सह्या करून मोकळे. पुढं मोजणीच्या टेबलावर आकडा जुळवायला हातात काही नसतं. जिल्हा परिषदेला तुमच्याकडे एजंट म्हणून कुणी बसणार असेल तर त्याला आतापासून एवढं शिकवा: रात्री कितीही वाजले तरी सील होईपर्यंत उठायचं नाही, यंत्राचा आणि सीलचा नंबर लिहून घ्यायचा आणि केंद्राध्यक्षानं मतांच्या हिशेबाची प्रत दिल्याशिवाय दारातून बाहेर पडायचं नाही. घाईत असलेला केंद्राध्यक्ष कुरकुर करील. करू द्या.