वजन कुणाच्या वहीत?

अंगणवाडीत महिन्याला पोरांचं वजन होतं. काटा टांगतात, पोर रडतं, ताई आकडा लिहिते आणि वही पेटीत जाते. पोर कोणत्या श्रेणीत आहे ते तालुक्याला कळतं, जिल्ह्याला कळतं, आईला कळत नाही. आमचं म्हणणं आहे, तो आकडा सगळ्या पाड्यासमोर मोठ्यानं वाचला पाहिजे.

१९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं मेली तेव्हा मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्या आल्या. एरवी पोर गेलं की कागदावर कारण पडतं, गोवर नाहीतर हगवण. अहो, गोवर शहरातल्या पोरालाही होतो. ते उठून खेळायला लागतं. आपलं उठत नाही, कारण गोवर यायच्या आधीच ते खंगलेलं असतं. वर्षाच्या पोराचं वजन १० किलोच्या आसपास धरतात. ते ५ किलोवर आलं की जुन्या मोजणीत चौथी श्रेणी म्हणत. एका रात्रीत कुणी तिथं येत नाही, महिन्यामहिन्यानं उतरतं. म्हणजे मरण वहीत आधीच दिसत होतं.

अंगणवाडी म्हणजे नुसती सुकडी, असं आपल्यातलेही पुष्कळ समजतात. योजना १९७५ ची. तिच्यात खाऊबरोबर लस, आरोग्य तपासणी आणि आजारी पोराला दवाखान्यात धाडणं हीही कामं लिहिली आहेत. डॉक्टरची जीप मात्र डांबरी संपते तिथंच थांबते. यात ताईला बोल लावू नका. ती आपलीच लेक-सून आहे, तुटपुंज्या मानधनावर रजिस्टरं भरते.

दिवाळी झाली की आपण भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जातो. पोराचं नाव इथल्या वहीत आणि पोर भट्टीच्या धुरात. नवव्या महिन्याची गोवराची लस तिथंच चुकते. जातो कशापायी? नागली-वरई वर्षभर पुरत नाही, आणि कसतो त्या प्लॉटवर फॉरेस्टवाला उभा राहतो. १९७८ च्या मार्चपर्यंतचे प्लॉट कायम करायचं सरकारनंच ठरवलं होतं, तरी नोटिसा थांबत नाहीत. म्हणून पोराचं वजन आणि प्लॉटचा सातबारा या आम्हाला दोन मागण्या वाटत नाहीत.

तोवर एक ध्यानात ठेवा. पोराला खोकला-ताप असेल तर घड्याळ लावून त्याचं पोट बघा. वर्षाच्या पुढच्या पोराचा श्वास मिनिटाला ४० वर, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्याचा ५० वर गेला तर न्यूमोनिया समजा. भगताला दाखवू नका असं आम्ही म्हणत नाही, पण दवाखाना त्याच दिवशी गाठा.

दिवाळीआधीच्या वजनाला दर पाड्यातून दोन बाया काट्याजवळ उभ्या राहतील. आकडा वाचून घ्यायचा, फार कमी वजनाचं पोर डॉक्टरनं तपासल्याबिगर भट्टीच्या ट्रकात चढवायचं नाही, आणि वजनाचं, लसीचं कार्ड आईच्या गाठोड्यात.