नेता वादग्रस्त, नोकरी चांगली: मुलांना काय सांगायचं?



निवडणुका जवळ आल्या की गावात दोन गोष्टी वाढतात. बॅनर आणि कामं. बॅनर सगळ्यांना दिसतात, कामं दिसत नाहीत. पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराला कुणीतरी हळूच सांगतं, "साहेबांच्या ऑफिसात ये. मोबाईल बघायचा, पोस्ट टाकायच्या. महिन्याच्या महिन्याला पगार." साहेब कोण? निम्म्या गावासाठी देवमाणूस, निम्म्या गावासाठी नाव काढू नये असा माणूस. अशा वादग्रस्त नेत्याकडे काम करावं की नाही, हा प्रश्न आता मोठ्या शहरातल्या शिकलेल्या लोकांपुरता राहिलेला नाही. तो आपण ज्यांना बाराखडी शिकवली त्या मुलांच्या दारात आलाय.

माझं मत आधीच सांगते. नेता चांगला की वाईट, एवढ्यावर हा निर्णय करू नये. माझ्या हातून नेमकं काय होणार आहे आणि एखादी गोष्ट नको वाटली तर मला "नाही" म्हणता येणार आहे का, या दोन गोष्टींवर तो करावा.

प्रश्न खरा कुठे अडतो

माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेल्या एका मुलाची आई मागे भेटायला आली होती. मुलगा आता तेवीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. तालुक्यातल्या एका नेत्याच्या ऑफिसात त्याला महिना १५,००० रुपयांचं काम मिळत होतं. "बाई, तुम्हीच सांगा, पाठवू का नको? घरात तेवढेच पैसे येतील."

आता हा नेता कसा, तर कोरोनाच्या काळात त्याने गावोगावी रुग्णवाहिका पाठवल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. याच नेत्याची भाषणं अशी असतात की दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात दोन वाड्यांतली मुलं एका बाकावर बसत नाहीत. हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. मग त्या माउलीला मी काय सांगायचं? "माणूस वाईट आहे" म्हणावं, तर ज्यांचा बाप त्या रुग्णवाहिकेमुळे वाचला ते हसतील. "माणूस चांगला आहे" म्हणावं, तर माझ्याच वर्गातली रिकामी बाकं मला विचारतील.

म्हणून मी नेत्यावर काहीच बोलले नाही. मुलाला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "तिथे जाऊन विचार, तुझं काम नेमकं काय असणार? आणि एखादी पोस्ट पटली नाही तर काय करायचं?"

आत जाऊन काम करणारेही मोठेच होते

काही जण म्हणतात, अशा माणसांच्या सावलीलाही उभं राहू नये. मला ते पूर्ण पटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच उदाहरण घ्या. काँग्रेसशी त्यांचं किती टोकाचं भांडण होतं हे आपण जाणतो. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा जाब विचारणारं त्यांचं पुस्तक १९४५ चं. आणि १९४७ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते कायदामंत्री झाले. त्यांनी विचार बदलले होते का? नाही. काम समोर होतं. ऑगस्ट १९४७ मध्ये ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले आणि पुढे काय घडलं ते आपण दर २६ जानेवारीला मुलांना सांगतोच.

पण आपण मुलांना पुढचा भाग कमी सांगतो. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल, म्हणजे स्त्रियांना वारसा, विवाह, घटस्फोट यांत हक्क देणारा कायदा, रेंगाळत ठेवून शेवटी बाजूला सारला गेला होता. मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला जात नव्हता. अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष होत होतं, परराष्ट्र धोरणही त्यांना पटत नव्हतं. ही सगळी कारणं त्यांनी लांबलचक निवेदनात मांडली आणि ते लोकांसमोर ठेवलं. ते आत गेले तेव्हा गुपचूप गेले नव्हते, बाहेर आले तेही गुपचूप नाही.

दुसरं उदाहरण चिंतामणराव देशमुखांचं. रायगडातल्या नाते गावी जन्मलेला हा हुशार माणूस. इंग्रजांच्या राज्यात आयसीएस अधिकारी आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. तेव्हा देशातले किती तरी नेते तुरुंगात होते. परक्या सरकारची चाकरी केली म्हणून त्यांना नावं ठेवता आली असती. पण ज्या कामाची देशाला पुढे गरज लागणार होती ते काम त्यांनी केलं. स्वतंत्र भारताचे ते अर्थमंत्री झाले. आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावर त्यांनी ते पद सोडलं.

कुणी म्हणेल, बाई, कुठे बाबासाहेब आणि कुठे ऑफिसात पोस्ट टाकणारं पोरगं! बरोबर आहे, तुलना करायचीच नाही. पण त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. काम कोणतं हे दोघांनाही नेमकं माहीत होतं. आपलं मत त्यांनी दारात काढून ठेवलं नव्हतं. आणि कुठल्या गोष्टीवर उठून यायचं हे त्यांना कळत होतं.

"मी फक्त टायपिंग केलं"

आता उलट टोकाचं उदाहरण. जर्मनीतली ट्राउडल युंग ही तरुणी १९४२ च्या अखेरीस, वयाच्या २२ व्या वर्षी, हिटलरची सेक्रेटरी झाली. तिला राजकारणात रस नव्हता. खरं तर तिला नर्तिका व्हायचं होतं. टायपिंगची परीक्षा झाली, काम मिळालं. साहेब तिच्याशी सौजन्याने, वडीलधाऱ्यासारखा वागायचा. एप्रिल १९४५ मध्ये त्याचं मृत्युपत्रही तिनेच टाईप केलं. तिने कुणाला मारलं नाही, कुणाला मारायचा हुकूमही दिला नाही.

युद्धानंतर बरीच वर्षं ती स्वतःला सांगत राहिली की मी लहान होते, मला काही माहीत नव्हतं. मग एके दिवशी म्युनिकमध्ये तिने सोफी शोल या मुलीच्या स्मरणार्थ लावलेली पाटी पाहिली. सोफी तिच्याहून वर्षाने लहान. हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून फेब्रुवारी १९४३ मध्ये तिला मृत्युदंड दिला गेला. म्हणजे ट्राउडल कामाला लागली त्याच सुमारास. वय लहान असणं हे कारण पुरत नाही, शोधलं असतं तर कळलं असतं, हे त्या पाटीने जाणवून दिलं, असं ट्राउडलने म्हातारपणी सांगितलं.

आपल्या तालुक्यातला कुणी नेता म्हणजे हिटलर, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला त्या टायपिंगबद्दल बोलायचंय. साहेब आपल्याशी गोड बोलतो, पगार वेळेवर देतो, आणि आपलं काम तर साधं आहे. या तीन गोष्टींमुळे माणूस पुढचं विचारायचं सोडून देतो. आज टायपिंगच्या जागी मोबाईल आलाय. भडकाऊ पोस्ट साहेब स्वतः टाकत नाही. ती जाते आपल्या पोराच्या नंबरवरून.

पालकांनो, इथे नुसता नीतीचा प्रश्न नाही. धर्म, जात, भाषा यांवरून दोन गटांत वैर वाढवणारा मजकूर पसरवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मोबाईलवरून पसरवला तरी तेच. आणि भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी असते. नोंद झालेला एक गुन्हा दोन-तीन वर्षांच्या पहाटेच्या धावण्यावर पाणी फिरवू शकतो. साहेबाला वकील मिळतो. पोराला तारीख मिळते.

पोट भरलेल्यांनी उपदेश करावा का?

हा आक्षेप मला मान्य आहे. माझा पगार दर महिन्याला खात्यात जमा होतो. ज्याच्या घरी तो होत नाही, त्याला "तत्त्व पाळ" सांगणं सोपं असतं. म्हणून मी कुणाला सरसकट "जाऊ नको" म्हणत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या एका वादग्रस्त नेत्याच्या कार्यालयात काम करते. रुग्णांची कागदपत्रं, उत्पन्नाचे दाखले, दवाखान्याचे फोन हे तिचं काम. प्रचाराचं काम करणार नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते मान्यही झालं. तिच्यामुळे किती तरी घरांची कामं झालीत. तिला मी कशाला नावं ठेवू?

त्या मुलाचं मात्र वेगळं झालं. त्याने ऑफिसात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, "वरून येईल ते टाकायचं. वाचत बसायचं नाही." तो परत आला. आज तो पार्सल पोहोचवायचं काम करतो, पगार त्याहून कमी आहे. आई म्हणते, "बाई, पंधरा हजार गेले." तिचं म्हणणं खरं आहे. नाही म्हणण्याची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा गरिबालाच मोजावी लागते, हे आपण विसरू नये.

म्हणून मुलं विचारायला आली तर त्यांना निर्णय देऊ नका, प्रश्न द्या. काम नेमकं काय आहे आणि कुणाच्या नावाने होणार? हे काम मी आईला, शेजाऱ्याला उघडपणे सांगू शकेन का? यातून कुणाचं नुकसान होणार असेल तर तो माणूस समोर आल्यावर त्याच्या डोळ्यांत बघता येईल का? आणि सोडायचं ठरवलं तर घर चालवण्यापुरते दोन महिन्यांचे पैसे हाताशी आहेत का? शेवटचा प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. ज्याला सोडता येत नाही त्याला नाही म्हणता येत नाही.

आणि आपण शिक्षक?

आपल्याला वाटतं, हा आपला प्रश्न नाही. जिल्हा परिषदेच्या वर्तणूक नियमांनी आपल्याला राजकारणापासून लांब ठेवलंच आहे. पण "सर, साहेबांच्या वाढदिवसाला चार ओळी लिहून द्या", "मॅडम, स्वागताला मुलं रस्त्यावर उभी करा" हे निरोप आपल्यालाही येतात. आणि निरोपाच्या मागे बदलीची गाजरं असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं आपल्याला सांगता येतात असं लिहिलंय. पण निवडणुकीचं काम वेगळं आणि नेत्याचं काम वेगळं. वरचे प्रश्न आधी आपण स्वतःला विचारायला हवेत. मुलं आपलं भाषण ऐकत नाहीत, आपण कुणाच्या गाडीमागे पळतो ते बघतात.

वर्गात करून बघा

तिसरी-चौथीच्या मुलांना राजकारण सांगायची गरज नाही. हा प्रसंग सांगा. बाई वर्गाबाहेर गेल्यात. मॉनिटर मित्राला म्हणतो, "गोंधळ करणाऱ्यांत सलीमचं नाव फळ्यावर लिही." सलीम शांत बसलाय, हे मित्राला दिसतंय. पण मॉनिटर त्याला रोज डब्यातला लाडू देतो. मित्राने काय करावं? आणि नाव लिहिलं तर चूक कुणाची, सांगणाऱ्याची की लिहिणाऱ्याची?

माझ्या वर्गात यावर अर्धा तास वाद चालला. बहुतेकांनी दोष मॉनिटरला दिला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण बाई, खडू तर ह्याच्या हातात होता ना." तुमच्या वर्गात मुलं काय म्हणतात ते जरूर कळवा.