कोदो चढतो, हे गावाला ठाऊक होते

29 ते 31 ऑक्टोबर 2024. तीन दिवसांत मध्य प्रदेशातल्या बांधवगड व्याघ्र प्रकल्पात 10 हत्ती दगावले. आपल्या जबलपूरहून पशुवैद्यक धावले, नमुने बरेलीला गेले. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने निदान केले : कीटकनाशक नाही, जड धातू नाहीत; बुरशी लागलेल्या कोदो या भरडधान्यातले सायक्लोपिआझोनिक आम्ल हे विष.

प्रयोगशाळेने काम चोख केले. खटकते ते वेगळेच. या मुलखातल्या शेतकऱ्यांना, गोंड-बैगांना 'मतौना कोदो' पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दाणा भरताना किंवा कापणीला पाऊस लागला, पेंढ्या ओल्या राहिल्या, की कोदो चढतो. डोके गरगरते, उलट्या होतात, अंग थरथरते, माणूस गुंगीत पडून राहतो. गुरांचेही तेच. (कोकणातले जुने लोक हरीक चढतो म्हणतात, तो हाच.) उतारा म्हणून केळीच्या खोडाचा रस देत. तो कितपत लागू पडतो, हे तपासायचे कुणी? अर्थात आपणच. हत्तींच्या बाबतीतही हे नवे नव्हते. 1933 साली मद्रास इलाख्यात कोदो खाऊन 14 हत्ती मेल्याची नोंद आहे.

गावाला दोष देण्यात अर्थ नाही. बांधवगडला हत्तींचे कळप मुक्कामाला आले ते 2018 मध्ये. गावकरी कोदो ओळखून होते, हत्ती नव्हे. ही माहिती त्यांच्याकडून काढून घेणे आपल्या हातात होते. पण आपला पंचनामा कचेरीच्या हिंदीत, अहवाल इंग्रजीत, आणि सांगणारी बाई बघेलीत किंवा गोंडीत बोलणारी. तिला विषबाधेबद्दल विचारले तर ती गप्प बसते. यंदा कोदो कसा आला म्हणून विचारा, अख्खा हंगाम सांगते.

पुढे आसपासच्या उभ्या कोदोवर ट्रॅक्टर फिरवला गेला. त्या घडीला तो इलाज असेल. धोरण म्हणून तो आडमुठेपणाच. कोदो हलक्या, उताराच्या जमिनीत खताविना येतो, कणगीत वर्षानुवर्षे टिकतो. तो गेला की जंगलाच्या कडेला दुसरे पीक येईल, त्यामागून फवारणीही.

तेव्हा यंदा कापणीआधी वनखात्याच्या बीटच्या वहीत एक रकाना वाढवा : कुठल्या गावच्या कोदोवर पाऊस पडला आणि गावकरी त्यावर काय म्हणतात. बीटगार्ड पुष्कळदा आसपासच्याच गावचा असतो, त्याला बोली येते. लोक जैवविविधता नोंदवहीतही हे उतरवा. अशा नोंदी आमच्याकडे पाठवा. ज्या बोलीत येतील त्याच बोलीत, अर्थासह, पुढच्या अंकापासून छापू.